थैलीतील दोन वजने

तरुण संघाच्या मासिक सभेत आम्ही प्रामाणिकपणा या विषयावर बोलावे अशी पाळकसाहेबांची सूचना आली, तेव्हा काम सोपे वाटले. उदाहरणासाठी शोधाशोध करण्याचीही गरज नव्हती. २०१५ साली जगभर गाजलेले फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचे प्रकरण मनात होतेच. मोठी कंपनी, मोठी लबाडी आणि शेवटी मोठी शिक्षा. मुलांना मोटारींचे वेड असते, तेव्हा ती कान देऊन ऐकतील असा आमचा हिशेब होता. तयारीसाठी जे मिळाले ते वाचू लागलो, आणि चार दिवसांत असे झाले की ज्याच्यावर बोट रोखायचे तो माणूस बाजूलाच राहिला आणि बोट आमच्याकडे वळले. ते कसे, हे वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

प्रथम थोडे इंजिनाविषयी. ज्यांना यात गोडी नाही त्यांनी एक-दोन परिच्छेद धीर धरावा, कारण त्यावाचून पुढचा प्रश्न नीट कळणार नाही.

इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी वायाच जातो. टर्बो असलेल्या गाडीत त्या धुराच्या झोताने एक लहान चक्र फिरते, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त मिळाली की डिझेलही जास्त जाळता येते, आणि लहानसे इंजिन थोरल्याचे काम करते. येथवर सारे छान आहे. पण डिझेलच्या इंजिनात एक पेच आहे. हवा भरपूर आणि ज्वलन कडक असले की गाडी चांगली ओढते, डिझेल कमी खाते आणि काजळीही कमी होते. मात्र त्या प्रखर उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन प्राणवायूशी मिळून घातक वायू तयार होतात. उष्णता उतरवावी तर हे वायू घटतात, पण काजळी वाढते आणि गाडीचा जोर मंदावतो. एकाला दाबले की दुसरे वर येते.

यातली काजळी डोळ्यांना दिसते. गाडीमागे काळा लोट निघाला की रस्त्यावरचा माणूस नाक दाबतो, चार शब्द ऐकवतो. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र गाडीच्या मागून निघताना कोणाला दिसत नाहीत. उन्हात त्यांच्यापासून ओझोन होतो, बारीक कण होतात, आणि दम्याच्या रोग्याला रात्री उठून बसावे लागते. ते कोणाच्या गाडीमुळे, हे त्याला कधी कळत नाही.

म्हणून गाडी बनविणारे एक युक्ती करतात. धुराचा काही भाग एका नळीतून आणि झडपेतून पुन्हा इंजिनात घेतात. त्याने आतला प्राणवायू घटतो, आग थोडी थंडावते, आणि ते घातक वायू कमी होतात. गॅरेजमध्ये या झडपेला ‘ईजीआर’ म्हणतात. याशिवाय नव्या गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते, त्या वायूंना धरून ठेवणारे किंवा युरियाच्या फवाऱ्याने त्यांचे विघटन करणारे यंत्र असते. या सर्वांची किंमत पडते. कुठे डिझेल थोडे जास्त जाते, कुठे गाळणी लवकर झिजते, कुठे युरिया पुनःपुन्हा भरावा लागतो.

फोक्सवॅगनची गोष्ट या किमतीपाशी सुरू होते. अमेरिकेतील मर्यादा फार कडक होती. ती पाळणारी, शिवाय जोरदार आणि काटकसरी अशी ‘स्वच्छ डिझेल’ गाडी आपण केली आहे, असे सांगून कंपनीने २००८ पासून तेथे या गाड्या विकल्या. २०१३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील डॅनियल कार्डर यांच्या लहानशा गटाने तीन डिझेल गाड्या रस्त्यावर तपासायला घेतल्या. मूळचे भारतातले अरविंद तिरुवेंगडम हेही त्या गटात होते. गाडीच्या मागे मोजमापाचे यंत्र बसवून ते कॅलिफोर्नियाचे रस्ते फिरले. एक गाडी तर लॉस अँजेलिसहून सिअॅटलपर्यंत आणि परत चालविली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे लोक कोणाला पकडायला निघाले नव्हते. ज्या संस्थेने हे काम करविले तिला दाखवायचे होते की अमेरिकेत डिझेल गाडी स्वच्छ चालते, मग युरोपातही तशी का चालू नये? स्तुती करायला गेलेल्या माणसांच्या हाती हे लागले.

प्रयोगशाळेत रुळांवर चाके फिरवून पाहिले तर गाड्या चोख उत्तीर्ण. रस्त्यावर आणल्या की एक गाडी मर्यादेच्या १५ ते ३५ पट वायू सोडीत होती, दुसरी ५ ते २० पट. तिसरी गाडी बीएमडब्ल्यूची होती. ती बहुतेक ठिकाणी मर्यादेच्या आत किंवा जवळपास राहिली. म्हणजे हे काम अशक्य होते असे म्हणण्याचीही सोय उरली नाही. २०१४ च्या मे महिन्यात अहवाल प्रसिद्ध झाला. कंपनीने वर्षभर नाना कारणे सांगितली, गाड्या परत बोलावून दुरुस्त केल्याचेही सांगितले. शेवटी सप्टेंबर २०१५ मध्ये कबुली दिली, आणि १८ सप्टेंबरला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोटीस काढली. तेथे अशा गाड्या सुमारे ४ लाख ८२ हजार होत्या, आणि जगभर सुमारे १ कोटी १० लाख.

युक्ती काय होती? गाडीच्या संगणकात अशी आज्ञावली होती की आपली परीक्षा चालू आहे, हे गाडीला ओळखता यावे. सुकाणू फिरते आहे की नाही, वेग कसा चढतो-उतरतो, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब किती आहे, हे ती पाही. चाके फिरताहेत पण सुकाणू स्थिर आहे, म्हणजे आपण परीक्षकापुढे उभे आहोत, हे तिने ओळखले की सारी शुद्धीकरणाची यंत्रे चालू होत. रस्त्यावर आली की त्यांचा जोर ओसरे. यातला एक तपशील वाचून आम्ही पुस्तक मिटून बसलो. २०१४ मध्ये सुधारणेच्या नावाखाली ग्राहकांच्या गाड्यांत नवी आज्ञावली घातली गेली, आणि तिच्यात सुकाणूवरून परीक्षा ओळखण्याची ही सोय होती. ग्राहकाला वाटले गाडी सुधारली. सुधारली होती ती लबाडी.

२०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. दंडाची रक्कम ४३० कोटी डॉलर होती. एका अभियंत्याला ४० महिन्यांची आणि एका अधिकाऱ्याला ७ वर्षांची कैद त्याच वर्षी झाली. भारतातही पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेने गाड्या तपासल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या. आपण येथील नियम मोडले नाहीत, हे तिचे म्हणणे कायम होते. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपये भरण्यास सांगितले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वसुलीसाठी सक्ती करू नये असा आदेश दिला. कोर्टकचेरीचा हा भाग आम्ही येथेच सोडतो.

भाषणाचा कच्चा मसुदा येथवर झाला होता. पवित्र शास्त्राचा आधारही सहज सुचला. अनुवादाच्या २५ व्या अध्यायात थैलीत दोन तऱ्हेची वजने बाळगण्यास मनाई आहे, ती ही. एक वजन तपासनिसाला दाखवायचे, दुसरे गिऱ्हाईकासाठी. यापेक्षा नेमके उदाहरण कोठे मिळणार? मग इंजिनाचा भाग मुलांना नीट समजावून सांगता यावा म्हणून त्या ईजीआर झडपेचे चित्र पाहू लागलो, आणि हात थांबला. हा भाग आम्ही पाहिला होता. आमच्याच गाडीत, मिस्त्रीच्या बोटाखाली.

आमची गाडी जुनी, दुसऱ्या हाताने घेतलेली, टर्बो डिझेल. बेळगावहून खानापूर तालुक्यातल्या खेड्यांत उपासनेसाठी जावे लागते, आणि महिन्यातून एखाद्या वेळी चोर्ला घाटाने गोव्यातही. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकी. मागे दोन वडील बहिणी आणि हार्मोनियमची पेटी असली म्हणजे तर विचारू नये. मिस्त्री माणूस चांगला, कामाला चोख, पैशाला वाजवी. तो म्हणाला, “सर, ईजीआर बंद करून टाकू. सगळे करतात.” त्याने पत्र्याची लहानशी चकती कापली आणि त्या नळीच्या तोंडाशी बसवून दिली. एका चहाच्या वेळात काम झाले. गाडी खरोखरच हलकी चालू लागली. आम्ही त्याबद्दल देवाचे आभारही मानले, हे लपविण्यात अर्थ नाही.

त्यानंतर धुराची चाचणी आली. पेट्रोल पंपाशेजारच्या टपरीत गाडी जागच्या जागी उभी ठेवतात, अॅक्सिलरेटर एकदम दाबतात, आणि सायलेन्सरमध्ये सळई घालून धूर किती दाट आहे ते मोजतात. डिझेल गाडीचे येथे एवढेच पाहतात. काजळी मोजतात. नायट्रोजनच्या वायूंविषयी ते यंत्र काही विचारीत नाही. चकती बसविल्यावर आमच्या गाडीचा आकडा आधीपेक्षा कमी भरला. काजळी घटली होती ना! चिठ्ठी मिळाली. टपरीवरचा मुलगा म्हणाला, “गाडी चांगली ठेवली आहे.” ते शब्द आम्ही खिशात घालून घरी आलो.

आता विचार करावा. आम्ही कोणाशी खोटे बोललो? फोक्सवॅगनच्या गाडीला विचारले गेले आणि तिने खोटे उत्तर दिले. आम्हांला तर विचारलेच नव्हते. चाचणी खरी, आकडा खरा, चिठ्ठी खरी. दोन रात्री आम्ही हा युक्तिवाद उलटसुलट करून पाहिला, आणि प्रांजळपणे सांगतो, तो भक्कम दिसतो. जेवढे विचारले तेवढ्यात निर्दोष असलेला माणूस दोषी कसा? एवढ्या मोठ्या कारखान्याशी आमच्या दीड इंचाच्या पत्र्याची तुलना करणे म्हणजे खोट्या नम्रतेने स्वतःला मोठे करणे तर नव्हे?

हा युक्तिवाद एका लहानशा भोकात बुडाला. त्या चकतीच्या मधोमध मिस्त्रीने सुईएवढे भोक ठेवले होते. तेव्हा आम्ही सहज विचारले होते, “हे कशाला?” तो म्हणाला, “पूर्ण बंद केले तर पुढे दिवा लागतो.” म्हणजे असे, की त्या नळीतून धूर अजिबात येईनासा झाला तर गाडीच्या संगणकाला कळते आणि तो चालकासमोर पिवळा दिवा लावतो. थोडा धूर जाऊ दिला की त्याची समजूत पटते. आम्ही तेव्हा मान हलवली. कारागिराची हुशारी वाटली. पण ज्याने कोणाला फसविले नाही त्याला भोकाची काय गरज? माणसाच्या आत जे काम सद्सद्विवेकबुद्धी करते, तेच काम करायला तो दिवा बसविलेला होता, आणि आम्ही मोजून, मापून, तो लागणार नाही एवढीच फट ठेवली होती.

त्यापुढचेही ध्यानात आले. फोक्सवॅगनच्या गाडीविषयी सर्वांत जड वाटणारी गोष्ट ही नाही की ती घाण होती. स्वच्छ चालण्याची सर्व साधने तिच्यात होती, आणि रुळांवर ती स्वच्छ चालून दाखवीत होती. ज्याला येत नाही त्याची कीव करता येते. येथे येत होते, आणि ते परीक्षकापुरते राखून ठेवले होते. आमच्या गाडीतही ती झडप होती, चालू होती, कोणीतरी विचार करून ती तेथे बसविली होती. गाडीला जे करता येत होते ते आम्ही तिला करू दिले नाही.

ट्यूनिंग हा शब्द मात्र आम्ही बदनाम करू इच्छीत नाही. टर्बोच्या नळ्यांची गळती शोधणे, हवेची गाळणी बदलणे, इंजेक्टर साफ करून डिझेलचा फवारा बारीक पडेल असे करणे, हे हार्मोनियमचे सूर लावण्यासारखेच निर्मळ काम आहे. चाचणीच्या आदल्या दिवशी गाडी नीट करून घेणाऱ्यालाही आम्ही ढोंगी म्हणणार नाही. निदान चाचणीमुळे तरी त्याने ती केली. प्रश्न एवढाच, की चाचणीच्या दिवशीची गाडी आणि दुसऱ्या दिवशीची गाडी एकच आहे काय? शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना याचा अर्थ सांगायला नको. वार्षिक परीक्षेच्या आठवड्यापुरती सुवर्णवचने घोकून घेणारा वर्ग कसा असतो ते त्यांना ठाऊक आहे, आणि बक्षिसांच्या लोभाने आपणही तसे कधी केले आहे की नाही तेही त्यांनाच ठाऊक.

कोणी म्हणेल, एका गाडीने काय होते? हे तर आम्हीही म्हणालो होतो. अमेरिकेच्या त्याच पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये अंदाज काढला, की तेथे दहा-एक वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांतील ही शुद्धीकरणाची यंत्रे मालकांनी काढून टाकविली किंवा बंद करविली. ती कोणा कंपनीची आज्ञा नव्हती. साडेपाच लाख लोकांनी आपापल्या मिस्त्रीकडे जाऊन, आपापल्या घाटासाठी, तेच म्हटले होते.

आणि नुकसान कोणाचे? याच ठिकाणी आमचे मन अजून अडखळते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि हार्वर्ड येथील संशोधकांनी २०१५ मध्ये हिशेब केला, की फोक्सवॅगनच्या त्या गाड्यांनी २००८ ते २०१५ या काळात जे जास्तीचे वायू सोडले त्यांमुळे अमेरिकेत अंदाजे ५९ माणसे वेळेआधी मरण पावतील. ५९ म्हणजे आमच्या रविवारच्या उपासनेला बसणाऱ्या मंडळीएवढी संख्या. पण त्यांतल्या एकाचेही नाव कोणाला सांगता येत नाही. कोणाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर मोटारीचे नाव नसते. यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेला माणूस निदान दिसत होता. याजकाला त्याच्याकडे न पाहण्यासाठी रस्त्याच्या पलीकडून जावे लागले. आम्हांला तेवढीही तसदी पडली नाही. आमचा शेजारी आरशातदेखील दिसत नव्हता.

म्हणूनच चाचणी असते, असे आम्हांला आता वाटते. जो स्वतः येऊन विचारू शकत नाही, त्याच्या वतीने ते यंत्र विचारते. ते अपुरे आहे, काजळीपलीकडे त्याला दिसत नाही, कधी कधी तर टपरीवर सळई न घालताच चिठ्ठी हातात पडते. तरी प्रश्न त्या दूरच्या माणसाचा असतो. सरकारने प्रश्न सुधारावेत हे योग्यच. भारतातही एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांना प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून मोजण्याची अट लागू झाली, ती फोक्सवॅगनसारख्या प्रकरणांतूनच जगाने शिकलेली गोष्ट आहे. पण प्रश्न अपुरा होता म्हणून उत्तरही तेवढेच देऊन मोकळे होणे, हे शेजाऱ्याला द्यायचे उत्तर नव्हे, टपरीवरच्या मुलाला द्यायचे आहे.

आम्ही मिस्त्रीकडे गेलो. चकती काढ म्हटल्यावर त्याला वाटले गाडीत काही बिघाड झाला. कारण सांगितले तेव्हा तो हसला नाही, पण म्हणाला, “मग झडप साफ करावी लागेल, सर. आत जाम झाली असेल.” झडप जाम झाली होती. ती खोलून, काजळी खरवडून, धुऊन बसवायला अर्धा दिवस गेला, आणि चकतीला लागले त्याच्या कित्येक पट पैसे लागले. गाडीचा जोर पूर्वीइतकाच झाला, म्हणजे जेवढा बेताचा होता तेवढा. चोर्ला घाट पुन्हा दुसऱ्या गिअरमध्येच चढतो. मागच्या बहिणी विचारतात, गाडीला काय झाले?

तरुण संघात आम्ही भाषण केले, आणि शेवटी चकती खिशातून काढून दाखविली. हातोहात ती साऱ्या वर्गातून फिरली. पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या एका मुलाने भोकातून उजेड पाहिला आणि विचारले, “सर, किती महिने चालवली अशी?” आम्ही म्हणालो, चौदा. तो काही बोलला नाही, आणि आम्हांला जक्कय आठवला. त्याने ज्यांचे घेतले होते त्यांची नावे त्याला ठाऊक होती. चौपट परत करणे त्याला शक्य होते. या चौदा महिन्यांचे कोणाला आणि काय परत करावे, हे आम्हांला अजून सुचलेले नाही. वाचकांपैकी कोणाला सुचले तर संपादकांच्या पत्त्यावर कळवावे.

गेल्या महिन्यात चाचणीची मुदत संपली, म्हणून पुन्हा त्याच टपरीवर गेलो. आकडा मागच्या खेपेपेक्षा थोडा जास्त भरला, पण मर्यादेच्या आत होता. चिठ्ठी देताना तो मुलगा म्हणाला, “सर, यंदा गाडीकडे लक्ष दिलेले दिसत नाही.”